महागडा फोन, दरमहाची वर्गणी आणि श्रमाचे माप

महागडा फोन घ्यावा काय, आणि सिनेमे-मालिका पाहण्यासाठी दरमहा वर्गणी भरावी काय, हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. परळी तालुक्यातल्या आपल्या सिरसाळ्यातही तो घरोघर निघतो. पोरगा हट्ट धरतो, बाप नाही म्हणतो, आणि दोघांपैकी एकाच्याही हाती हिशेब नसतो. तो हिशेब कसा मांडावा, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कष्टकऱ्याने करमणुकीवर पैसा घालवू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विसावा हा कामगाराने लढून मिळविलेला हक्क आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने चळवळ झाली, तेव्हा कोठे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तेव्हा चैन करावी की नाही, हा वाद नव्हे. वाद किमतीचा आहे. आणि ती किंमत रुपयांत न मोजता श्रमाच्या दिवसांत मोजावी.

2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. हेच माप धरू. सॅमसंगचा गॅलेक्सी एस-24 हा फोन 2024 च्या जानेवारीत आपल्याकडे सुमारे 80,000 रुपयांना आला. म्हणजे एकही खाडा न करता साडेआठ महिन्यांची मजुरी! डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सने आपले दर उतरविले. तेव्हा केवळ मोबाइलवर चालणारी वर्गणी महिना 149 रुपये झाली. सर्वांत वरची 649 रुपयांची राहिली. वर्षाचा हिशेब केला तर पहिलीला सहा दिवसांहून कमी श्रम लागतात, दुसरीला पंचवीस दिवस.

या पंचवीस दिवसांत जास्तीचे काय मिळते? स्वस्त वर्गणीचे चित्र सुमारे 4 लाख ठिपक्यांचे असते, महागाचे 83 लाख ठिपक्यांचे. पण ते सगळे ठिपके दाखविणारा मोठा टीव्ही घरात पाहिजे. शिवाय असे चित्र तासाला 7 जीबीपर्यंत डेटा खाते. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर ते पाव तासही चालणार नाही. मग फोनवरच पाहणाऱ्याने वरची वर्गणी कशासाठी भरावी?

महागड्या फोनच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्या फोनला सात वर्षे सुधारणा पुरविण्याचे वचन कंपनीने दिले आहे. तो खरोखर सात वर्षे टिकला, तर वर्षाला सुमारे 11,400 रुपये पडतात. बारा हजारांचा फोन तीन वर्षे चालला, तर वर्षाला 4,000. लग्नाचे चित्रण करून पोट भरणाऱ्या तरुणाला वरचे सात-साडेसात हजार एका हंगामात परत मिळतील. ज्याला केवळ बोलायचे आणि पाहायचे आहे, त्याला ते कधीच परत मिळणार नाहीत.

दुकानदार म्हणतो, "शून्य व्याजाचे हप्ते आहेत." शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले आहे. व्याज किमतीत दडते, नाहीतर कागदपत्रांच्या शुल्कात. बीडच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड जोडप्याचा हंगाम कोयता हाती घेण्यापूर्वीच विकला गेलेला असतो. फोनचा हप्ता हीही उचलच. पुढचे श्रम आजच गहाण पडतात.

वर्गणीचे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, त्याकडेही लक्ष हवे. 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्यापूर्वी किमान 24 तास खातेदाराला सूचना द्यावी लागते. तो संदेश वाचावा. मागच्या महिन्यात घरात कोणी काही पाहिले नसेल, तर त्याच दिवशी वर्गणी बंद करावी. पुन्हा पाहावेसे वाटले तर पुन्हा भरता येते.

आणखी एक मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. काम करण्यासाठीच फोन लागत असेल, तर तो कोणी घ्यावा? 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले. त्यांवर कामाचे ॲप धड चालत नव्हते. कामाचे हत्यार मालकाने पुरवावे, आणि ते चालणारे पुरवावे, ही मागणी रास्तच होती. पदरचे पैसे घालून ती उणीव भरून काढणे म्हणजे आपली मजुरी आपणच कापून घेणे होय.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याला माझे किती दिवस लागतील? यातून काही कमाई होणार काय? आणि पैसे रोख आहेत, की उचल? उत्तरे घरातल्या सर्वांसमोर, कमावत्या बाईसमोरही, मांडावीत. इतके करून एखाद्याने सहा दिवसांची मजुरी सिनेमा-नाटकांवर खुशाल घालविली, तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. तो त्याचा रविवार आहे.