गेलेल्या मुलाबद्दल घरात बोलायचं कसं?

आजचा विषय जड आहे. ऐकताना त्रास झाला तर थांबा आणि नंतर कुणालातरी सोबत घेऊन ऐका.

घरातलं तरुण लेकरू आत्महत्येनं गेलं, की परदेशातल्या मराठी घरावर दुसरं ओझंही येतं : सांगायचं काय? मग आजी-आजोबांना हार्ट अटॅक सांगितला जातो, मित्रमंडळींना अपघात, धाकट्या भावंडाला काहीच नाही. मनात भीती असते ती लोक काय म्हणतील याची, धाकटीच्या लग्नाची, नोकरीची. हेतू घर सांभाळण्याचाच असतो. पण त्याच घरात आणखी कुणी आतून खचत असेल, तर तो एवढंच शिकतो की याबद्दल आपल्याकडे बोलायचं नसतं.

आपण नेकारसुल्ममध्ये राहतो, त्या जर्मनीनंही हे मौन जवळून पाहिलं आहे. राष्ट्रीय संघाचा आणि 'हानोफर 96'चा गोलकीपर रॉबर्ट एंके 10 नोव्हेंबर 2009 रोजी आत्महत्येनं गेला. वय 32. त्याला अनेक वर्षं डिप्रेशन होतं आणि उपचारही चालू होते. पण आजार बाहेर कळला तर फुटबॉल जाईल, दत्तक घेतलेली मुलगी काढून घेतली जाईल, ही धास्ती होती. म्हणून सगळं लपवलेलं.

दुसऱ्याच दिवशी त्याची पत्नी टेरेझा, डॉक्टर व्हालेंटिन मार्कझर यांच्यासोबत पत्रकारांसमोर बसली आणि डिप्रेशनचं नाव घेऊन बोलली. तिच्या बोलण्यातली एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांनी ऐकावी अशी आहे : प्रेमानं सगळं निभावून नेऊ असं त्या दोघांना वाटलं होतं, पण नुसतं प्रेम पुरत नाही. म्हणजे आपली माया कमी पडली असा याचा अर्थ नाही. हा आजार आहे, त्याला उपचार लागतात. जानेवारी 2010 मध्ये रॉबर्ट एंके फाउंडेशन उभं राहिलं. ते आजही डिप्रेशनबद्दल माहिती देतं.

या घटनेला दुसरी बाजूही आहे. बातम्यांमध्ये मृत्यूचा तपशील खूप आला, आणि पुढच्या काही आठवड्यांत तशाच प्रकारचे मृत्यू वाढल्याचं जर्मन संशोधकांना आढळलं. म्हणून मोकळं बोलताना एक मर्यादा पाळायची. आजाराबद्दल बोला, माणसाबद्दल बोला. कसं झालं, कुठं झालं, चिठ्ठीत काय होतं, हे व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कुणी अडचणीतून मदत घेऊन बाहेर आला असेल, तर त्याची गोष्ट मात्र जरूर सांगा. तिचा आधार होतो.

लहान मुलांना काय सांगायचं? खरं, पण थोडक्यात. "दादाच्या मनाला आजार झाला होता. त्या आजारात त्यानं स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळे झालं नाही. तुला काहीही विचारायचं असेल तर विचार." खोटं सांगितलं तर ते कधीतरी दुसऱ्याच्या तोंडून कळतं, आणि मग मूल आपल्यावरचा विश्वासही गमावतं.

आणि घरातलं कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीत मन लागत नसेल, तर सरळ विचारा : "जगणं नको वाटतं का? मरणाचे विचार येतात का?" विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, तर उपदेश नको, "तुला काय कमी आहे" नको. जवळ बसा, एकटं सोडू नका आणि मदत मिळवा.

इथली मदत लिहून घ्या. जिवाला धोका असेल तर 112. टेलिफोनझेलझॉर्गे 116 123, रात्रंदिवस आणि मोफत. मुलांसाठी 116 111. पहिली पायरी म्हणून आपला हाउसआर्ट्स्टही चालतो. मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ 116 117 वर मिळते. शेजारी वाइन्सबर्गला मनोरुग्णांसाठीचं वाइसेनहोफ रुग्णालय आहे. हाइलब्रॉनची 'आर्बाइट्सक्राइस लेबेन' ही संस्था संकटातल्या माणसाला आणि मागे राहिलेल्या कुटुंबालाही आधार देते. जर्मनीभर अशा कुटुंबांसाठी 'आगुस'चे स्वमदत गट आहेत. भारतातल्या नातेवाइकांसाठी टेली-मानस 14416, तिथं मराठीत बोलता येतं.

नोकरीची भीती असेल तर हे लक्षात ठेवा : डॉक्टर गोपनीयतेनं बांधलेले असतात, आणि कंपनीला जाणाऱ्या आजारपणाच्या दाखल्यावर आजाराचं नाव नसतं.

गेलेल्याचं नाव घरात घ्या. वाढदिवसाला त्याच्या आवडीचं करा, फोटो भिंतीवर राहू द्या. आणि एखादं कुटुंब या दुःखातून जात असेल, तर कारण विचारायला नको, डबा घेऊन जा. दोन महिन्यांनी, सगळ्यांचं येणं-जाणं थांबल्यावर, पुन्हा जा.

काळजी घ्या, श्रोतेहो.