पोहता येत नाही, अर्ज करू का?

अंबाजोगाईहून एका पालकांचं पत्र आलंय आणि मराठवाड्यातून हाच प्रश्न मला सतत येतो. मुलीला जेईई मेनमध्ये चांगला क्रमांक मिळालाय, नौदलाच्या बी.टेक. कॅडेट एन्ट्रीचा अर्ज भरायचाय, पण पोहता येत नाही. नौदल तिला घेईल का?

पोहता येत नाही म्हणून नाकारणार नाही. निवडीच्या एसएसबी मुलाखतीच्या पाच दिवसांत पाण्यात उतरावंच लागत नाही. एझिमलाच्या नौदल अकादमीत ज्यांना येत नाही त्यांना पोहायला शिकवतात. तरीही माझा आग्रह आहे, शिकूनच जा. अकादमीतली चार वर्षं म्हणजे सकाळी कवायत, दिवसभर इंजिनिअरिंगचे तास, संध्याकाळी मैदान. त्यातून उरलेला मोकळा वेळ कच्च्या पोहणाऱ्याचा तलावातच जातो. पहिल्या सत्रात तो वेळ झोपेला आणि गणिताला हवा असतो. शिवाय तिथं शिडाच्या होड्या आहेत, वल्ही मारायची व्हेलर बोट आहे, कुंजाली मरक्कारांच्या नावाचं वॉटरमनशिप प्रशिक्षण केंद्र आहे. पाण्याची भीती असेल तर या सगळ्यातली गंमतच निघून जाते.

आपल्याकडं पोहणारी मुलं दोन प्रकारची. विहिरीत शिकलेली आणि तलावात शिकलेली. पाठीला सुका भोपळा किंवा डबा बांधून मे महिन्यात काकानं विहिरीत ढकललेला पोरगा खोल पाण्याला भीत नाही, काठावरून बिनधास्त सूर मारतो. पण विहिरीला लांबी नसते. त्यामुळं तो मान वर ठेवून चार हात मारायला शिकतो. मान वर आली की पाय खाली जातात, अंग तिरकं होतं, पाण्याचा अडसर वाढतो, आणि पन्नास मीटरच्या तलावात तो निम्म्यातच दमतो. तलावातल्या मुलाचे हात सुरेख पडतात, पण तळ पायाला लागेनासा झाला की त्याची छाती धडधडते. मला विचाराल तर विहिरीतलं पोर लवकर तयार होतं. हातपाय सुधारता येतात, भीती जायला फार वेळ लागतो.

पाण्याची ओळखच नसलेल्या मुलीनं श्वासापासून सुरुवात करावी. तोंड पाण्यात घालून सावकाश बुडबुडे सोडायचे, मान वळवून श्वास घ्यायचा. बहुतेक नवशिके श्वास कोंडून धरतात आणि त्यानंच दमतात. मग पालथं आणि उताणं तरंगणं. छातीत हवा भरलेली असेल तर माणूस सहसा बुडत नाही, हे एकदा स्वतः अनुभवलं की अर्धं काम झालं. हात मारायचे ते त्यानंतर. शेवटी खोल पाण्यात उभ्यानं तरंगत राहणं आणि उंच फळीवरून पाय खाली ठेवून सरळ उडी. या दोन गोष्टी खासगी क्लासवाले बहुधा शिकवत नाहीत. मागून घ्या. विहिरीत किंवा बंधाऱ्यात जाणार असाल तर पट्टीचा पोहणारा सोबत हवाच.

अकादमीचे अभ्यासक्रम जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. जुलैसाठी प्रयत्न असेल तर निकालाची वाट न पाहता मार्चअखेर तलाव गाठा. अंबाजोगाईच्या पालकांनी आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावं, जवळचा चालू तलाव कुठं आहे ते तिथं कळेल. अर्ज मात्र मुदतीत भरा.