अर्ध्या सेकंदाचा उशीर

संगणकावरचा हल्ला म्हटलं की आपल्याला बाहेरून शिरणारा विषाणू आठवतो. पण आता हल्लेखोर सॉफ्टवेअर तयार होतं तिथेच शिरतात. २०२४ मधलं ‘एक्सझेड’चं प्रकरण पाहू.

फाइली आवळून लहान करणारं हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सच्या असंख्य संगणकांत असतं. ते सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, तोही विनामोबदला. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दरम्यान काही अनोळखी नावं ‘काम रखडतंय’ म्हणून सांभाळणाऱ्याला टोचत होती. हळूहळू नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार जिया टॅनकडे गेला.

मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आला. विशिष्ट गुप्त किल्ली असणाऱ्याला त्यातून दूरच्या संगणकावर हुकूम चालवता आला असता. त्याचे तुकडे चाचणीच्या फाइलींत दडवले होते. त्या कोण वाचतो? ते जोडणारा दुवा तर सर्वांसमोर असलेल्या मूळ मजकुरात नव्हताच, फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता.

आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता वेगळ्याच मोजमापात गुंतला होता. दूरच्या संगणकात प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. (आपल्या प्रयोगवहीत असा आकडा बहुधा खोडला जातो!) त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केलं. तेव्हा या आवृत्त्या बहुतेक ठिकाणी चाचणीच्याच टप्प्यात होत्या.

यावर उपाय म्हणजे वाटपाचा गठ्ठा मूळ मजकुराशी ताडून पाहणं. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते एकट्याने राबणाऱ्याला ओळखीची, पगारी साथ देणं. इथे शिरकाव झाला तो त्याच्या थकव्यातून.