थर्मामीटर बघा, पण आधी बाळाकडे बघा!

संध्याकाळपर्यंत घरभर दुडुदुडु धावणारं पोर रात्री कुशीत घेतलं, तर अंग चांगलंच फणफणलेलं असतं. मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. सासूबाई म्हणतात, ‘‘दाढा येतायत गं, दुसरं काही नाही.’’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘काल लग्नाला नेलं होतंस ना, दृष्ट लागली.’’ नवरा कूस बदलत म्हणतो, ‘‘सकाळी बघू, आत्ता कुठला दवाखाना उघडा असणार?’’ आणि जाऊबाई फोनवरून सांगतात, ‘‘आमच्या बंटीचं लाल औषध उरलंय ना तुझ्याकडे, तेच दे चमचाभर.’’ या गलक्यात आईच्या मनात एकच प्रश्न असतो. आत्ता न्यायचं, की सकाळपर्यंत थांबायचं?

मैत्रिणींनो, मोठ्या शहरात हा प्रश्न त्या मानाने सोपा असतो. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावी, रात्री रिक्षा मिळेल याची खात्री नाही, आणि नेऊन काहीच निघालं नाही, तर ‘उगाच सगळ्यांना जागवलंस’ हे ऐकून घ्यावं लागतं. म्हणूनच कधी थांबायचं आणि कधी निघायचं, याचा हिशोब घरात सगळे शांत असताना डोक्यात पक्का असलेला बरा.

आकडा म्हणजे अर्धीच माहिती

हाताला अंग गरम लागलं, एवढ्यावर जाऊ नका. घरात एक डिजिटल थर्मामीटर हवाच. काखेतला घाम पुसा, टोक नीट काखेत ठेवा, बाळाचा हात अंगाशी धरून ठेवा आणि ‘बीप’ वाजेपर्यंत थांबा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमीच येतो, हेही लक्षात असू द्या.

पण आकडा म्हणजे सगळं नव्हे. एक मूल १०३ ताप असूनही, औषधानंतर थोडं हलकं वाटलं की वाटी-चमचा वाजवत बसतं. दुसरं १०१ तापातही मलूल पडून असतं, हाक मारली तरी नीट बघत नाही. काळजी करायची ती या दुसऱ्याची. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, ‘‘खेळतंय का? पाणी-दूध पितंय का? शू झाली का?’’

याला एक मोठा अपवाद आहे, तो वयाचा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ भरला, तर वाट बघायचीच नाही. रात्रीचे दोन वाजले असोत, बाळ हसत असो, घरचं औषध न देता सरळ दवाखान्यात. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या वर ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि दात? दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करतं. अंग किंचित कोमट लागेलही. पण १०२-१०३ ताप दातांमुळे येत नाही. त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

औषध देताना

लहान मुलांच्या तापाला घरी द्यायचं औषध एकच, पॅरासिटामॉल. ते बाळाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. आकडा ९८ वर आणायचा हट्ट नको. मात्रा वयावर नाही, तर वजनावर ठरते. एका वेळी किलोला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

खरी गडबड होते ती बाटलीची. बाजारात याच औषधाची पातळ बाटली मिळते (५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम), दुप्पट तीव्रतेची मिळते (५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम), आणि थेंबांची छोटी बाटली तर त्याहून तीव्र असते (१ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम). १० किलोच्या मुलाला १२५ वाल्या बाटलीतलं ६ मिलिलिटर लागतं, २५० वाल्यातलं ३, आणि थेंबांतलं फक्त दीड. म्हणजे ‘दोन चमचे दे’ हा सल्ला किती घातक ठरू शकतो बघा! लेबल वाचा, औषधासोबत आलेल्या मापानेच मोजा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की बाळाचं वजन आणि मात्रा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. निमेसुलाइड हे तापाचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ सालापासून बंद आहे. मोठ्यांची गोळी मोडून देणं, मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देणं, हेही नको. बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. ‘एक सुई मारून टाका ना डॉक्टर’ असा आग्रहही धरू नका.

अंगावर दोन दोन स्वेटर, कानटोपी, वर गोधडी असं करू नका. सुती सैल कपडे पुरेत. कोमट पाण्याने अंग पुसलं तर बाळाला बरं वाटतं. बर्फाचं पाणी किंवा कोलन वॉटर मात्र नको. बाळाला हुडहुडी भरत असेल तर पुसणंही थांबवा. अंगावर पीत असेल तर दूध चालू ठेवा. वरणाचं पाणी, पेज, सरबत, जे घेईल ते थोडं थोडं देत राहा. तापात जेवण कमी झालं तर घाबरू नका, पिणं बंद झालं तर मात्र घाबरा.

श्वास मोजता येतो

तापाबरोबर खोकला असेल, तर एक काम प्रत्येक आईला जमतं. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ते करून दाखवलं. तिथे गावातल्या आरोग्यसेवकांना आणि निरक्षर दायांनासुद्धा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी, एवढंच साधन. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्याच्या पुढे गेलं, की बाळाचा श्वास वेगाने चाललाय. या कामामुळे तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाले आणि तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आपल्याकडे तर मोबाइलचं घड्याळ आहे. बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं, ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याच घटकेला निघा.

आकडी आली तर

ताप चढताना काही मुलांना आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय झटके देतात. बघणाऱ्या आईचा जीव जातो. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असं होतं. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत ते थांबतं आणि मेंदूवर कायमचा परिणाम होत नाही.

त्या वेळी बाळाला जमिनीवर एका कुशीवर झोपवा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. आकडी थांबली तरी, पहिलीच असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवायचंच. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली, किंवा नंतर मूल शुद्धीवर येत नसेल, तर १०८ ला फोन करा.

ताप उतरला, तरी लक्ष हवं

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात. या आजाराची खोड अशी, की धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरात सगळे ‘सुटलो बाई’ म्हणतात आणि तेव्हाच मूल पोट दुखतं म्हणून रडू लागतं, सारखं उलटतं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, हातपाय गार पडतात. अशा वेळी ताप नाही म्हणून घरी थांबायचं नाही. डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधं स्वतःहून देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तापासोबत लाल डोळे, सर्दी-खोकला आणि मग चेहऱ्यापासून खाली उतरणारं पुरळ आलं, तर गोवर असू शकतो. ‘देवी आली, औषध द्यायचं नाही’ म्हणून कडुनिंबाच्या डहाळीवर विसंबू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लहान मुलं दगावली आहेत. नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि मग १६ ते २४ महिन्यांतला असे गोवराचे दोन्ही डोस घेतलेत ना, हे कार्डावर आजच बघा. लस घेतल्यावर येणारा ताप वेगळा. पेंटा किंवा त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस, आणि गोवराच्या लशीनंतर साधारण आठवड्याने थोडा ताप येऊ शकतो.

किती दिवस थांबायचं?

मूल सहा महिन्यांहून मोठं आहे, पितंय, शू होतेय, मधून मधून खेळतंय, तर एक-दोन दिवस घरी लक्ष ठेवायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशीही ताप असेल, तर दाखवाच. मध्ये एक दिवस जाऊन ताप परत आला, तरी दाखवा. मलेरियाच्या भागात राहत असाल किंवा नुकत्याच तिकडून आला असाल, तर पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आशाताईला विचारा, ती मदत करेल. सर्दी नाही, खोकला नाही, पण ताप हटत नाही, असं झालं तर लघवीची तपासणी होऊ द्या. विशेषतः लहान मुलींमध्ये लघवीचा संसर्ग असा लपून बसतो.

हे दिसलं, की वेळ न घालवता निघा

• तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा जास्त ताप
• मूल जागं होत नाही, ओळखत नाही, अंग टाकून देतं किंवा सतत विव्हळतं
• काहीच पीत नाही, किंवा घेतलेलं सगळं उलटतं
• आठ तास शू नाही, डोळे खोल, तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत
• श्वास वेगाने, पोट उडतंय, खळगा पडतोय
• मान ताठ, किंवा लहान बाळाची टाळू फुगलेली
• अंगावर लाल-जांभळे ठिपके, जे काचेचा पेला दाबला तरी फिके होत नाहीत
• आकडी
• हातपाय गार, रंग पांढराफटक किंवा निळसर

आजच ठरवून ठेवा

रात्री बालरोगतज्ज्ञ कोणत्या दवाखान्यात असतात? उपजिल्हा रुग्णालयात असतात, की जिल्ह्याला जावं लागेल? हे आजच विचारून घ्या. रिक्षावाल्या दादांचा नंबर भिंतीवर लिहा. १०८ ची रुग्णवाहिका सरकारी आहे, तिला पैसे लागत नाहीत. लसीकरण कार्ड आणि थोडे पैसे एका डब्यात ठेवा, आणि तो डबा कुठे आहे ते घरात सगळ्यांना सांगा. ताप आला की एका कागदावर वेळ, आकडा, औषध आणि शू लिहीत जा. डॉक्टरांना त्या कागदाचा मोठा उपयोग होतो.

हे सगळं नवऱ्याला आणि सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवा. त्यांनाही नातवंडाची माया आहेच, फक्त त्यांच्या काळी हे सांगणारं कोणी नव्हतं. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर जरूर काढू द्या, पण रिक्षा दारात येईपर्यंतच! आणि मूल मुलगी आहे म्हणून ‘सकाळी बघू’ होत नाहीये ना, हेही एकदा मनाशी तपासून बघा.

शेवटी एक गोष्ट. यादीतलं एकही लक्षण नाही, तरी ‘हे माझं नेहमीचं बाळ नाही’ असं आतून वाटतंय, तर तेही लक्षणच समजा. चांगले डॉक्टर आईच्या या वाक्याला मान देतात. रात्री नेलं आणि ते म्हणाले, ‘‘काही नाही, साधा ताप आहे, घरी न्या,’’ तर ती फेरी फुकट गेली असं कोणी म्हणू नये. हेच ऐकायला तर आपण गेलो होतो ना!