खोताची वाडी कोणी राखायची?

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरची वर्दळ मागे टाकून खोताच्या वाडीत शिरले, की मुंबईचे एक जुने रूप समोर उभे राहते. कौलारू छपरे, लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने आणि त्यांच्यामधून वाट काढणारी अरुंद गल्ली. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने आपली जमीन स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना घरांसाठी दिली, आणि ही वसाहत आकारास आली. पुढे ईस्ट इंडियन म्हणून ओळखला गेलेला हा समाज मराठीचीच एक बोली बोलणारा. वाडीला नाव खोताचे, दारापुढे क्रूस, आणि मत्स्याहारासाठी नावाजलेली ‘अनंताश्रम’ ही खानावळही पूर्वी याच वाडीत होती. गिरगाव म्हणजे केवळ चाळी, हा समज खोडून काढणारा हा जिताजागता पुरावा आहे.

परंतु हा पुरावा झपाट्याने नष्ट होत आहे. एकेकाळी येथे सुमारे ६५ घरे होती. आता तिसाच्या आतबाहेर उरली आहेत. मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावली १९९५ साली लागू झाली आणि वारसा यादीत वाडीलाही स्थान मिळाले. मग घरे का पडत गेली? यादीने वास्तूला मान मिळतो. कौले शाकारण्याचा खर्च मिळत नाही, हे त्याचे उत्तर आहे.

घर विकणाऱ्याला संस्कृतीद्रोही ठरविणे सोपे आहे. पण दर पावसाळ्यात कुजणारे लाकूड, वाळवी, दुर्मीळ झालेले जुने कारागीर आणि वारसांत वाटल्या गेलेल्या मालकीचा गुंता त्याच्या वाट्याला येतो. शेजारी टोलेजंग इमारत उठते, तेव्हा त्याच्या जमिनीचे मोल त्याला उमगल्यावाचून राहात नाही. २०१२ साली वारसा यादी वाढविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला, तो याच धास्तीपोटी. साऱ्या शहराने कौतुक करावयाचे आणि त्याची किंमत मात्र मूठभर घरमालकांनी मोजावयाची, हा न्याय नव्हे.

वारसा नियमांमुळे बांधकामाचा हक्क गमावणाऱ्याला विकासहक्क हस्तांतरणाच्या रूपाने भरपाई देण्याची तरतूद नियमांत आहे. ती सामान्य मालकाच्या पदरात सुलभतेने पडली पाहिजे. दुरुस्तीसाठी अनुदान, मालमत्ता करात सवलत आणि तत्पर परवानगी यांची जोड तिला मिळाली, तरच ‘घर विकू नका’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार शहराला पोहोचेल.

कारण वाडी म्हणजे नुसते नक्षीदार कठडे नव्हेत. रहिवासी गेल्यावर उरलेली रंगीत घरे हे पर्यटकांसाठी उभारलेले नेपथ्य ठरेल. खोतांनी जमीन दिली ती माणसे वसावीत म्हणून. ती माणसे तेथे टिकली, तरच वाडी टिकली असे म्हणता येईल.