शालीच्या घडीतला सुगंध

ईदला दोन दिवस होते. दुबईहून आलेल्या भाच्याने बॅगेतून एक देखणी बाटली काढून अम्मीच्या हातात ठेवली. “नानी, इटलीचं सेंट आहे, एत्रो कंपनीचं. नाव ‘शाल नूर’.” अम्मीने मनगटावर थोडं घेतलं. मग स्वयंपाकघरात गेली, शेवयांचं दूध ढवळलं आणि अर्ध्या तासाने परत येऊन म्हणाली, “अरे, हा तर माझ्या ट्रंकेतला वास!”

सगळे हसले. भाचा जरा हिरमुसला. पहिल्या पगारातून घेतलेली महागाची भेट आणि तिची तुलना जुन्या ट्रंकेशी? पण अम्मीने ट्रंक उघडली. तळाशी तिच्या निकाहातली काश्मिरी शाल होती आणि घड्यांमध्ये पाचेची सुकलेली पानं. गजऱ्यात मरव्यासोबत जो हिरवा पाला असतो ना, तीच पाच. इंग्रजीत तिला पॅचुली म्हणतात.

काश्मीर ते मिलान

अम्मीचं नाक खोटं बोलत नव्हतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरी शाली युरोपात पोहोचल्या आणि श्रीमंत घरांतल्या स्त्रियांना त्यांनी वेड लावलं. नेपोलियनची बेगम जोसेफिन तर त्यांची मोठी शौकीन होती. लांबच्या प्रवासात लोकरीला कसर लागू नये म्हणून व्यापारी घड्यांमध्ये पाचेची पानं घालत. हा वास तिथे अस्सल शालीची खूणच बनला. पुढे युरोपातल्या गिरण्यांनी नकली शाली विणल्या, तेव्हा त्यांनाही हा वास लावला जाई असं सांगतात.

स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात या शालींच्या इतक्या नकला विणल्या गेल्या, की त्यांवरच्या नक्षीला जगभर ‘पेस्ली’ हेच नाव पडलं. आपण तिला कोयरी म्हणतो. पैठणीवर असते, चांदरातीला मुलींच्या तळहातावर मेंदीने काढतात, तीच ही कोयरी.

एत्रो हे मूळचं कापडाचं घराणं. 1968 मध्ये जिम्मो एत्रो यांनी ते मिलान शहरात सुरू केलं. 1980च्या दशकात त्यांनी कोयरीची नक्षी आपल्या कापडावर आणली आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. 1989 पासून ते सुगंधही बनवू लागले. शालीची नक्षी घेतली, मग शालीचा वासही घेतला म्हणा ना! ‘शाल’ आणि ‘नूर’ या शब्दांचा अर्थ आपल्या घरात कुणाला सांगावा लागत नाही.

बाटलीत काय आहे?

लावल्याबरोबर लिंबू-संत्र्याचा ताजेपणा येतो. थोड्या वेळाने मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं, त्यात जायफळ ओळखू येतं. शेवटी वाळा, पाच आणि धूप उरतात. हा शेवटचा वास लाकडासारखा खोल असतो आणि कपड्यावर बराच वेळ टिकतो. म्हणूनच अम्मीला ट्रंक लगेच नाही, अर्ध्या तासाने आठवली. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. मनगटावर लावा, बाजारात एक फेरी मारा आणि मग ठरवा.

मसाला आणि लाकूड यांचा मेळ आपल्याला नवा नाही. कन्नौजचं शमामा अत्तर जडीबुटी आणि मसाले एकत्र करूनच काढतात. थंडीत ते लावणारे बुजुर्ग अजून भेटतात. गुलाबाच्या अत्तराचा शोध आपल्या सासूबाईंनी, म्हणजे नूरजहाँच्या आईने लावला, असं बादशहा जहाँगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

अल्कोहोलचं काय?

भाच्याला आणखी एक धाकधूक होती: नानी हे लावून नमाज पढेल का? फवाऱ्याच्या सेंटमध्ये बहुतेक भाग अल्कोहोलचाच असतो. सुगंधी तेल साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. ते पिता येऊ नये म्हणून त्यात इतर द्रव्यं मिसळतात. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. द्राक्षं किंवा खजुरापासून न बनलेलं अल्कोहोल बाहेरून लावायला काही जण परवानगी देतात, काही ते टाळायला सांगतात. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवावं. अम्मीने वाद घातला नाही. नमाजसाठी तेलाचं अत्तर, लग्नकार्यासाठी नातवाची बाटली, अशी तिने वाटणी करून टाकली.

शाल वाचली

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी घर रंगवताना हीच शाल बोहारणीला द्यायचं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. “जुनाट वास येतो,” असं मीच म्हणाले होते. अम्मी तेव्हा काही बोलली नाही, फक्त शाल उचलून परत ट्रंकेत ठेवली. तोच वास इटलीहून बाटलीत आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुकाने हुंगला. मला माझीच शरम वाटली.

भाच्याची भेट चांगलीच आहे, त्यात कारागिरी आहे. पण चांगला सुगंध हजारोंच्या बाटलीतच मिळतो, असं मुलांना वाटू नये. कुंडीत पाच लावा, पानं सावलीत सुकवा, मलमलच्या पुरचुंडीत बांधून लोकरी कपड्यांत ठेवा. मात्र शालीवर सेंट फवारू नका, डाग पडतात.

ईदच्या सकाळी भाच्याने ती शाल स्वतःच्या हाताने नानीच्या खांद्यावर घातली. उकडत होतं, तरी अम्मीने दुपारपर्यंत ती उतरवली नाही.