कॉलेज कोणतं आणि गाडी कोणती?

इंजिनीअरिंगच्या कॅप प्रवेशात पसंतीक्रम लावताना कॉलेजचा आणि शाखेचा कोड भरायचा असतो. ते कॉलेज कुठल्या स्टेशनवर उतरून गाठायचं, हे अर्ज विचारत नाही. म्हणून घरूनच ये-जा करणारी मुलंही कट-ऑफ आणि प्लेसमेंटचे आकडे समोर ठेवून यादी लावतात. प्रवास म्हणजे काय ते मग पहिल्या पावसात कळतं. ही रोज दोनदा करायची गोष्ट आहे आणि तीही आठ सेमिस्टर.

किलोमीटर मोजू नका, बदल मोजा

मुंबईत किती किलोमीटर, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. गाडी किती वेळा बदलायची, हे विचारा. एका गाडीत तासभर गेला तरी शरीर त्याला सरावतं, आणि जागा मिळाली तर वाचनही होतं. गाडी बदलायची म्हणजे जिना, पूल, दुसऱ्या फलाटावरची गर्दी आणि पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली की दुसरी चुकणं. माझा ढोबळ नियम असा: एक बदल चालेल, दोन बदल असतील तर ते कॉलेज जवळच्यापेक्षा स्पष्टपणे उजवं असलं पाहिजे, उन्नीस-बीस नव्हे.

डोंबिवलीहून निघालं तर

डोंबिवलीचा विद्यार्थी घेऊ, कारण त्याच्यासमोर जवळजवळ सगळे पर्याय असतात. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ सालचं, सरकारी अनुदानातलं आणि स्वायत्त. तिथे हवी ती शाखा मिळत असेल तर प्रवासाची चर्चा थोडक्यात आटपावी. मात्र मध्य रेल्वेच्या माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही. म्हणजे सरळ स्लो पकडायची, किंवा फास्टने दादरला उतरून पुढे बस. विद्याविहारचंही तेच, फास्टने घाटकोपरला उतरायचं आणि एका स्टेशनासाठी स्लो. सोमय्याचं आवार तिथे स्टेशनपासून चालत आहे, ही मोठीच सोय.

चेंबूरच्या कॉलेजांसाठी कुर्ल्याला हार्बरची गाडी धरावी लागते. विलेपार्ल्याच्या संघवीला जायचं तर दादरला पश्चिम रेल्वेवर यायचं आणि पुन्हा स्लोच, कारण पार्ल्याला फास्ट थांबत नाही. दुसरी वाट घाटकोपरहून मेट्रोची आहे. २०१४ पासून ती सुरू आहे आणि दादरचा पूल टळतो, पण तिकीट वेगळं.

ऐरोली आणि नेरूळ नकाशावर जवळ दिसतात. त्यासाठी ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून ट्रान्सहार्बर पकडायची. सकाळी ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कंपन्यांत जाणारे याच गाडीत असतात, त्यामुळे नवी मुंबईकडे गर्दी नसते हा समज सोडून द्यावा. घोडबंदर रोडवरची कॉलेजं ठाण्यातच असली तरी स्टेशनपासून पुढचा सगळा रस्ता वाहतुकीच्या मर्जीवर.

राहिलं कर्जत. तिकडे सकाळी उलटी दिशा, बसायला जागा, वारा. पण कल्याणच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की पहिलं लेक्चर गेलंच.

दारात लटकायची वेळ येऊ नये

सकाळी आठ ते दहा या वेळात डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या फास्टमध्ये शिरणं हेच एक काम असतं. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे जीव गेले, ते याच मार्गावर. म्हणून कॉलेज किती वाजता सुरू होतं हा प्रश्न साधा नाही. साडेसातला निघणाऱ्याचा आणि पावणेनऊला निघणाऱ्याचा प्रवास एकच, असं ज्याला वाटतं त्याने तो केलेला नसतो. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

वेळापत्रक मागून घ्या

हे फारसं कुणी करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून चालू वेळापत्रक मागा. वर्गाच्या बॅच पाडून प्रॅक्टिकल होतात. आपली बॅच सकाळची आणि दुसरं लेक्चर दुपारी उशिरा, असं झालं की मधले तीन तास कॉलेजातच. तेव्हा बसायला वाचनालय आहे का, ते रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे बघा. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे. तो कुठलं कॉलेज किती कडक पाळतं, हेही तोच विद्यार्थी सांगेल. आणि एक गोष्ट पालकांना पटत नाही: रोबोटिक्सची, रेसिंग कारची टीम संध्याकाळीच काम करते. सहाची गाडी धरणाऱ्याला त्यात शिरता येत नाही, आणि पुढे मुलाखतीत सांगण्यासारखं बरंचसं तिथेच घडतं.

पैसे

कॉलेजचा कन्सेशन फॉर्म घेतला की घर ते कॉलेज असा मासिक किंवा त्रैमासिक पास निम्म्या दरात मिळतो. हा पास मेट्रोत किंवा शेअर रिक्षात चालत नाही, आणि महिन्याचा खर्च तिथेच फुगतो. फीचा फरक मात्र याहून कितीतरी मोठा. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण अभिमत आणि खासगी विद्यापीठांत ती सवलत नाही. कॉलेज विद्यापीठ झालं असेल तर हे आधी तपासा.

यादी पक्की करण्याआधी

एकदा कामाच्या दिवशी, कॉलेजच्या वेळेला, प्रत्यक्ष जाऊन या. रविवारी नको, मेगाब्लॉक असतो आणि गर्दी नसते. येताना संध्याकाळी सहाची गाडी धरा, दुपारची नव्हे.

मग क्रम लावा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. ‘बघू तर मिळतं का’ म्हणून दोन बदलांचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. बाकी फेऱ्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढून वाचा.